वर्धापनदिन कशाचा?



२४ जून हा संत योहान बाप्तिस्ताच्या जन्माचा सण. १७१७ साली याच दिवशी लंडनच्या चार फ्रीमेसन लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापली, असे त्यांची परंपरा सांगते. २०१७ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्रिशताब्दीचा थाटमाट झाला.

आम्हांला मात्र मुंबईतली एक लॉज आठवते. बंधुत्वाची शपथ घेणाऱ्या गोऱ्यांच्या लॉजचे दार हिंदी माणसाला सहसा बंद असे. १८४३ साली स्कॉटिश डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज सुरू केली.

कॅथोलिकांनी फ्रीमेसन होऊ नये, ही ख्रिस्तसभेची १७३८ पासूनची शिकवण. २०२३ मध्ये ती पुन्हा स्पष्ट करण्यात आली. त्यांची वाट आपली नव्हे. पण प्रश्न आपलाही आहे: केवळ वय वाढले म्हणून संस्था थोर ठरते का? वर्षे आपोआप वाढतात. दार कुणाला तरी उघडावे लागते.

आपल्या चर्चच्या सणाला, गावात नव्याने भाड्याने राहायला आलेले कुटुंब मंडपात कुठे बसते? यंदा पहिले आमंत्रण त्यांनाच देऊ या.