आवरण

बचत गटातल्या बायकांनी केलेली भाजणीची चकली साध्या पारदर्शक पिशवीत ठेवली, की हातात घेणारी बाई म्हणते, "एवढी महाग?" तीच चकली रंगीत डब्यात घातली, वर सोनेरी अक्षरांत नाव छापले, की तीच बाई भाव न विचारता दोन डबे उचलते. भाजणी तीच, तेल तेच, तळणारे हातही तेच. बदलली ती फक्त आपली नजर.

मग वेष्टन म्हणजे लबाडी म्हणायची का? मला तसे वाटत नाही. पूर्वी डाळ पोत्यातून निघायची. आपण ती तळहातावर घेऊन बघायचो, आणि मग दुकानदार पुडी दोऱ्याने बांधून द्यायचा. आता डाळ आणि डोळा यांच्यामध्ये पाकीट आले. जे हाताला कळायचे ते आता पाकिटाने सांगायचे. त्याने खरे सांगावे, एवढीच अट. नीटनेटके दिसण्यात पाप नाही. जेवण आपणही ताटात मांडूनच वाढतो की!

लबाडी कुठे सुरू होते, हे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगून ठेवले आहे. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत मापात कमीजास्त करणे हा एक, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे, हा दुसरा. फसवणूक इथे नुसत्या असत्यात नाही, चोरीच्या दोषांत मोजली आहे. पुड्याचा आकार तोच ठेवून आतले वजन गुपचूप घटवायचे. डब्याचा तळ आतून उचलून ठेवायचा. समोर बदामाचे मोठे चित्र आणि मागच्या यादीत बदाम अगदी शेवटी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून शेवटी आलेला बदाम किती असेल ते समजून घ्यावे. वजन बारीक अक्षरांत छापले म्हणजे कायदा पाळल्यासारखे दिसते, पण माया हा कषाय हेतूत असतो, छपाईत नाही.

आणि खरे बोलणारे वेष्टनही आपल्यापुरते पुरे बोलतेच असे नाही. हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. पण सरकारी व्याख्येत मध मांसाहारात धरलेला नाही, कांदा, लसूण, बटाटा तर नाहीतच. मद्य, मांस, मधु यांचा त्याग करणाऱ्या घरात मधाचे बिस्किट हिरव्या ठिपक्यासह येऊ शकते. ठिपका खोटा नाही. तो आपल्या व्रतासाठी छापलेला नाही, इतकेच. पाकीट उलटून वाचण्याचे काम आपलेच.

पण सगळा दोष विकणाऱ्याचा कसा म्हणावा? लग्नात, पर्वात देण्याघेण्याचे डबे निवडताना आपण काय म्हणतो? "डबा जरा भारीतला बघ गं, चारचौघांत द्यायचाय." सुकामेवा मूठभर, मखमल हातभर. दुकानदाराची माया आपल्या मानावर पोसली जाते. कषाय दोन, सौदा एक. आणि तो डबा दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. वरचे प्लॅस्टिक रस्त्यावरच्या गायीच्या पोटात गेले, तर ती हिंसा कोणाच्या खात्यावर मांडायची?

ज्ञानावरणीय कर्माला आचार्यांनी पडद्याची उपमा दिली आहे. वस्तू असते, पण दिसत नाही. बाजारातला पडदा मात्र हाताने बाजूला करता येतो. साध्या पिशवीतली चकली आधी मोडून, चाखून बघावी; भावाची घासाघीस करायचीच असेल, तर ती मखमलीच्या डब्याशी करावी.