दादरच्या घरातला खोडकिडा

सत्तरच्या दशकाच्या नावाने गहिवरणाऱ्यांची सध्या चलती आहे. दिवाळी अंक चाळा, साठी ओलांडलेल्यांचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, नाहीतर नाट्यगृहातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम गाठा. ऐवज ठरलेला असतो. 'शोले', अमोल पालेकर, पंचम, लिरिलचा धबधबा, लाकडी शटरचा टीव्ही आणि गच्चीवर अँटेना फिरवत "आता दिसतंय का?" असं ओरडणारा थोरला भाऊ. यातलं सगळं मलाही आवडतं. पण ही यादी केली कोणी?

माझा संशय असा, की ती बाजाराने केली. सिनेमाच्या निगेटिव्हला मालक होता. गाण्यांच्या तबकड्या कंपन्यांनी जपल्या, कारण त्या पुन्हा विकता येत होत्या. 'शोले'चे तर नुसते संवादही पॉलिडोरने तबकडीवर आणून खपवले. मुंबई दूरदर्शनच्या संध्याकाळींना असा कोणी वाली नव्हता. पुष्कळसं थेट स्टुडिओतून जायचं, आणि जे टेपवर घेतलं जाई त्यातलंही बरंच पुसलं जाई. टेप महाग, म्हणून त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम. यात आपलाच गलथानपणा होता असं नाही. बीबीसीनेही 'डॉक्टर हू'चे सुरुवातीचे कितीतरी भाग असेच गमावले. फरक एवढाच, की त्यांनी ते परदेशी वाहिन्यांना विकलेले असल्यामुळे काहींच्या प्रती बाहेर कुठेतरी सापडल्या. आपला कामगारांसाठीचा 'कामगार विश्व' हा कार्यक्रम विकत घ्यायला कोण येणार होतं?

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई केंद्र सुरू झालं. विनायक चासकरांचा 'गजरा', सुहासिनी मुळगांवकरांचं 'प्रतिभा आणि प्रतिमा', मुलांसाठी 'किलबिल', आकाशानंदांचं 'ज्ञानदीप', ज्याच्या प्रेक्षकांनी गावोगावी मंडळं काढली. बातम्या वाचायला कधी भक्ती बर्वे, कधी स्मिता पाटील. स्मिताचे सिनेमे आज बोट टेकवलं की समोर येतात. तिच्या बातम्या मात्र वाचून झाल्या की संपल्या. जपाव्यात असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल.

त्या संध्याकाळींचं खरं वैशिष्ट्य आवडत्या कार्यक्रमांत नव्हतंच, नावडत्यांत होतं. गाण्यांचं 'छायागीत' लागायच्या आधी शेतीचं 'आमची माती, आमची माणसं' असायचं म्हणून दादरच्या दोन खोल्यांत, ज्यांच्या सात पिढ्यांनी नांगर धरला नव्हता अशी माणसं उसावरच्या खोडकिड्याबद्दल गंभीरपणे ऐकत बसायची. सुपर फॉस्फेट कधी द्यायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. द्यायचं कशाला, तर खिडकीतल्या तुळशीला! मुंबई केंद्रावर गुजरातीही असायचं. 'संताकुकडी' आणि 'आवो मारी साथे' बघून कितीतरी मराठी पोरं, गुजराती शेजार नसतानाही, ती भाषा समजायला लागली. कामगारांचे प्रश्न कारकुनांनी पाहिले, शास्त्रीय गायन न कळणाऱ्यांनी सोसलं. टीव्ही बंद करायची सोय होती, पण करतो कोण? शेजारच्या घरातली आठ-दहा माणसं सतरंजीवर बसलेली असायची, त्यांना उठा कसं म्हणायचं? दुसऱ्यासाठी केलेलं बघायची ही सक्ती गोड नव्हती. पण तिच्यामुळे एका भाषेतल्या माणसांना एकमेकांचं काय चाललंय याचा जुजबी का होईना, अंदाज असायचा.

आठवणींच्या यादीत खोडकिडा नाही. तो कोणी निवडलेला नव्हता, आणि स्मरणरंजन म्हणजे निवड. निवड करताना आपण काय गाळतो हे पाहायचं तर 'घरौंदा' घ्या. अमोल पालेकरांचा १९७७ चा सिनेमा. त्यातलं मुंबईत आसरा शोधणाऱ्या जोडप्याचं गाणं अजून प्रत्येक मैफिलीत होतं, लोक डोळे मिटून दाद देतात. सिनेमा काय आहे? नोकरी करणारी दोघं पै-पै साठवून फ्लॅटसाठी पैसे भरतात आणि बिल्डर ते घेऊन पसार होतो. त्यांच्यासारखाच बुडालेला एक मित्र जीव देतो. मग नायक प्रेयसीला सुचवतो की आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न कर, तो फार जगणार नाही. साहेबाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. इतका कडू सिनेमा त्या काळात फार थोडा निघाला. तबकडीने त्यातून गाणं तेवढं उचललं आणि आपण तेवढंच घरी आणलं. पालेकरांच्या 'साध्या-सरळ' सिनेमांबद्दल भरभरून बोलणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा सलग पाहावा.

जाहिरातींचं तर उघडच आहे. दूरदर्शनवर त्या १९७६ च्या जानेवारीत आल्या, तोवर थिएटर आणि विविध भारती हाच त्यांचा मुलूख. लिरिलच्या जाहिरातीत कोडाईकनालच्या धबधब्याखाली कॅरन ल्यूनेल नाचली ते १९७५ साल. जाहिरातकार अ‍ॅलेक पदमसींनी नंतर सांगितलंय की घरच्या बाईला दिवसातून तेवढी न्हाणीघरातली दहा मिनिटंच स्वतःची मिळतात, हे त्यामागचं निरीक्षण होतं. म्हणजे चाळीत नळाला पाणी येण्याची वाट बघत पहाटे उठणाऱ्या बाईला विकलेलं ते स्वप्न होतं. तिला न मिळालेला धबधबा आज तिच्या मुलांच्या आठवणीतला 'आमचा काळ' झाला आहे.

आणि आमचा म्हणजे नेमका कोणाचा? वरळीचं केंद्र सुरू झालं त्याच साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. बायाबापड्या खडी फोडत होत्या, सुकडी खाऊन दिवस काढत होत्या. पुढच्या वर्षी सिंहगडावरून प्रक्षेपण सुरू झालं आणि पुण्याला टीव्ही मिळाला. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत तो पोहोचायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. तिकडच्या माणसांची सत्तरी म्हणजे रेडिओ, आणि जत्रेतल्या तंबूत दादा कोंडके. ती मुंबईच्या सत्तरीहून उणी नव्हती, वेगळी होती. पण लिहिणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे, त्यामुळे 'त्या काळी आपण सगळे' हे शब्द फार सहज लिहिले जातात.

निरागस काळ, हाही त्यातलाच लाडका शब्द. आणीबाणीत सरकारच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली होती. १९७७ च्या निवडणुकीआधी दिल्लीत विरोधकांची मोठी सभा होती. त्या रविवारी लोकांनी घरीच बसावं म्हणून दूरदर्शनने ऐनवेळी 'बॉबी' लावला. लोक तरीही रामलीला मैदानावर गेले. एकच वाहिनी असण्याचा हाही अर्थ होता. खोडकिडा दाखवणारा हात आणि किशोरचा आवाज दाबणारा हात एकच होता. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवणं अवघड जातं. आपण मग दोन्ही विसरतो आणि गाणं लावतो.

आता फोन आपल्याला आपल्याच आवडीचं पुरवतो. जुनी गाणी दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा तो स्वतःहून आणून देतो, आणि सत्तरचं दशक दर फेरीला थोडं अधिक गुळगुळीत होत जातं. त्या दशकाची न निवडलेली बाजू तिथे येणार कुठून? ती असली तर माणसांत आहे. वरळीच्या स्टुडिओत कॅमेरा धरणारे, संकलन करणारे, निर्मिती साहाय्यक म्हणून राबलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. काही गेलेही. बातम्या वाचणारे प्रदीप भिडे २०२२ मध्ये गेले. जे आहेत त्यांना वर्धापनदिनाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि फजितीचे किस्से सांगायला लावतात. ते सांगतातही, हौसेने. त्यांच्यापुढे बसून कोणीतरी विचारावं की मे १९७४ मध्ये संपामुळे देशभरची रेल्वे ठप्प होती, तेव्हा 'कामगार विश्व'मध्ये तुम्ही काय दाखवलंत, काय दाखवायचं राहिलं, आणि ते नको असं वरून कोण सांगायचं?