हरितगृहातील टोमॅटो आणि आषाढीची वारी

वारकरी हा बहुतकरून शेतकरी. मृगात पेरणी उरकावी, रान पांडुरंगाच्या हवाली करावे आणि दिंडीत चालू लागावे, असा आमच्या वाडवडिलांचा क्रम. उघड्या रानातल्या बाजरीला धनी रोज लागत नाही. तिचे मायबाप आभाळ. पण हल्ली ज्या माळकऱ्याने दहा गुंठ्यांवर हरितगृह उभारून टोमॅटो लावला, त्याच्यापुढे निराळाच पेच आहे. तो विचारतो, "झाडं टाकून वारीला गेलो तर तीही हत्याच की! आणि नाही गेलो तर नेम मोडला. मग करायचं काय?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

कारण छताखालचे झाड परस्वाधीन असते. पाऊस आणि वारा यांना दाराबाहेर ठेवले की त्यांची कामे आपल्या अंगावर येतात. सकाळी बाजूचे पडदे गुंडाळून कोंडलेली दमट हवा बाहेर घालवावी लागते, नाहीतर पानांवर बुरशी आलीच. ठिबकचे पाणी आज कोरडे, उद्या लोट असे झाले, तर फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि त्याचे बूड काळे पडते. दर आठवड्याला बगलफुटी खुडायच्या, शेंडा सुतळीवर चढवायचा. बारीक जाळीने पांढरी माशी अडते, तिच्यामागून येणारा बोकड्या टळतो. पण त्याच जाळीने वाराही अडतो. टोमॅटोचे फूल आपल्यापुरते पूर्ण असले तरी हलल्याशिवाय त्याचा पराग नीट झडत नाही, म्हणून सुतळ्या हाताने हलवायच्या. शिवाय तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवायचे नाही. तंबाखूतला मोझॅकचा विषाणू टोमॅटोवर जातो. (गळ्यात माळ आणि गालात बार असलेल्या आमच्या बंधूंनी एवढे तरी ध्यानात घ्यावे!) अशी ही झाडे अडीच-तीन आठवडे वाऱ्यावर सोडता येत नाहीत, आणि इथे तर वाराही नाही.

अशा वेळी सावतोबांचे नाव हमखास पुढे येते. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, आणि १२९५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला, अशी परंपरा आहे. पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. मग आम्ही हरितगृहातच थांबलो तर बिघडले कुठे? बिघडत नाही. फक्त थांबलो कशासाठी, एवढे आपल्याशी खरे सांगावे. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, काही ठिकाणी दोनशेला टेकला. पावसाळ्यात उघड्यावरचा माल मार खातो आणि झाकलेल्याला भाव येतो. झाडाच्या मायेने थांबलो म्हणणाऱ्याचे चित्त झाडात आहे की बाजाराच्या फळ्यावर? त्याच वर्षी सप्टेंबरात तोच माल चार-पाच रुपयांवर आला, लोकांनी रस्त्यावर ओतला. झाडाची माया असती तर ती सप्टेंबरातही दिसली असती.

आणि खरे सांगायचे तर हरितगृहवाल्याला वेळेची सबब फारशी चालत नाही. कोरडवाहूवाल्याचे पंचांग पाऊस ठरवतो. याचे पंचांग याच्याच हातात आहे. भाद्रपद-आश्विनात रोपे लावली तर चैत्रापर्यंत तोडे होतात. पुढे उन्हाळा इतका चढतो की पारा पस्तिशीपलीकडे गेला म्हणजे फूल नीट धरतच नाही. तेव्हा पीक उपटावे, वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक कागद अंथरावा आणि चार-सहा आठवडे ऊन कोंडावे. एकाच मातीत वारंवार टोमॅटो घेतल्याने मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी माजतात, ते या उष्णतेने पुष्कळ कमी होतात. ज्येष्ठात पालखी निघते तेव्हा घर रिकामे असते. कार्तिकीचे म्हणाल, तर एस.टी.ने दोन-तीन दिवसांत परत येता येते. तेवढे शेजारी बघतो.

आता ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, पावसाळ्याचा भाव गाठला नाही तर छतच जप्त व्हायचे, त्याने थांबावे. त्याच्या वारीत खंड पडला असे आम्ही तरी म्हणणार नाही. सुतळ्या हलवताना नाम घ्यायला कोण आडवे येते?

पण आमच्या मनाला खरी टोचणी निराळीच आहे. पीक उभे असताना मालक माळ-टाळ घेऊन निघतो, तेव्हा आत बगलफुटी कोण खुडते? बहुतेक वेळा रोजंदारीवरची एखादी बाई. तिच्याही गळ्यात तुळस असते. तिच्या सासूने वारी केलेली असते आणि हिची मात्र राहून गेलेली असते. तिच्या जिवावर मालकाची वारी घडते आणि तिची चुकते, ती कोणाच्या खाती मांडायची? दिंडीत चालताना याचा विचार क्वचितच कोणी करतो. आमचे म्हणणे एवढेच, की एक साल मालकाने जावे आणि एक साल तिला पाठवावे, तिचा रोज न कापता. त्या सालचे पडदे मालकाने उघडावेत.