घंटा वाजली, पुढे?

८ मे १९८८. रविवार, आणि अमेरिकेतला मातृदिन. शिकागोजवळच्या हिन्सडेल गावी टेलिफोन-केंद्राला आग लागली, तेव्हा इमारतीत एकही माणूस नव्हता. धोक्याची घंटा वाजली. पण ती दूरच्या स्प्रिंगफील्ड शहरी! तेथल्या माणसाला ती कळलीही. परंतु खोट्या इशाऱ्यांना तो सरावलेला. बंबवाल्यांना कळवण्याआधी त्याने वरिष्ठांचा शोध चालवला. तोवर तारा जळतच होत्या. सुमारे ३५,००० फोन मुके झाले, तेही आईची खुशाली विचारायच्या दिवशी!

दोष कोणाचा? त्या एकट्यावर बोट ठेवणे सोपे आहे. पण रिकामी इमारत आणि परगावी वाजणारी घंटा, ही योजना त्याची थोडीच होती? ऐकून थांबणारा दोषी खराच. मात्र पैसे वाचवून राखण दूर नेणारा त्याहून अधिक.

आपल्या घरी पणत्या लावून सारीच माणसे निजत नाहीत. कोणीतरी अंगणात जागे असते. एखादी वात पडद्याकडे झुकलेली दिसली, तर ते माणूस ‘विझवू का?’ म्हणून विचारायला आत जात नाही. आधी विझवते, मग सांगते. हजारो घरांचे बोलणे ज्या इमारतीतून जाते, तिच्या अंगणात असे कोण जागे असते?