वळणावरचा कल

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढताना आम्ही पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागे बसलो होतो. गाडी वळणात आत कलली की आमचे अंग बाहेर जाई. टाळकऱ्याने मृदंग सोडून आपलाच ठेका धरावा तसे! पुतण्या थांबला. “काका, तुम्ही उलटे झुकता, मग मला गाडी आणखी कलवावी लागते.” आणि आम्हांस वाटत होते, आपणच तोल सावरतो आहोत!

तर मग मागच्याने सर्व भार चालवणाऱ्यावर टाकून डोळे मिटावे काय? आम्हांस हे पटत नाही. वेग दुप्पट झाला की त्याच वळणावर बाहेरची ओढ चौपट होते. ‘हळू घे रे’ म्हणायचे ते वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर मात्र त्याच्याबरोबरच कलावे. परतताना सरळगावपर्यंत आम्ही त्याला दोनदा टोकले. उलटे एकदाही झुकलो नाही.