प्रेमाचें कुंपण

प्रेमानें मनुष्य उदार होतो, अशी एक सर्वमान्य समजूत आहे. ज्यानें घरच्या माणसांवर मनापासून माया केली तो परक्यांशीं निष्ठुर होणार नाहीं, असें आपण धरून चालतों. आणि मुलाला मांडीवर घेऊन बसलेला राजा चित्रांत दिसला, म्हणजे त्याच्या राज्यकारभाराची चौकशी करण्याचें आपणांस सुचत नाहीं. ही समजूत कितपत खरी, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हां उभयतांस ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग शहरीं आला. प्रवासी मंडळी तेथें एका दिवसांत जें पाहतात तेंच आम्हींही पाहिलें: सकाळीं मिराबेलची बाग, आणि दुपारीं होहेनसाल्झबुर्गचा डोंगरी किल्ला. परंतु हीं दोन स्थळें एकाच मनुष्याच्या चरित्रानें एकमेकांस जोडलेलीं आहेत, आणि त्या चरित्राचा निवाडा करणें सोपें नाहीं.

साल्झबुर्ग हें पूर्वीं धर्मसत्तेचें स्वतंत्र संस्थान होतें. तेथील आर्चबिशप हाच तेथील राजा. हालाइनच्या मिठाच्या खाणींवर त्याचा खजिना भरत असे. १५८७ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, वोल्फ डीट्रिख फॉन राइटेनाउ हा या गादीवर आला. धर्मगुरूस विवाहाची बंदी. तरीही सालोमे आल्ट नांवाच्या शहरांतील एका व्यापारी घराण्यांतल्या स्त्रीशीं त्यानें उघडपणें संसार मांडला. त्यांना बरींच मुलेंबाळें झालीं; लग्नाची परवानगी मात्र रोमहून कधींच आली नाहीं. १६०६ मध्यें नदीपलीकडे, शहराच्या तटाबाहेर, त्यानें तिच्यासाठीं वाडा बांधला, आणि तिच्या नांवावरून त्यास आल्टेनाउ असें नांव दिलें. मिराबेल हें नांव त्याच्या मागून आलेल्या आर्चबिशपानें ठेविलें. आज दिसणाऱ्या आंखीव बागेची मांडणीही पुढें त्या शतकाच्या अखेरीस झाली.

पुढें मिठाच्या व्यापारावरून बव्हेरियाशीं तंटा विकोपास गेला. १६११ सालीं वोल्फ डीट्रिखनें शेजारचें बेर्ख्टेसगाडेन व्यापलें, बव्हेरियाचें सैन्य चालून आलें, तो पळाला आणि पकडला गेला. १६१२ त त्याची गादी गेली. ती त्याचाच एक आप्त मार्कुस सिट्टिकुस यास मिळाली. पण या आप्तानेंही त्यास मोकळें केलें नाहीं. १६१७ च्या जानेवारींत होहेनसाल्झबुर्गच्या बंदिवासांतच त्याचा अंत झाला. सालोमे वेल्स या गांवीं राहिली आणि १६३३ त वारली.

बागेच्या मधल्या वाटेवर उभें राहिलें, म्हणजे फुलांच्या ताटव्यांपलीकडे, शहराच्या शिखरांवर, नेमका समोर तो किल्ला दिसतो. १०७७ सालीं आर्चबिशपांच्या रक्षणासाठीं ज्याचा पाया घातला, आणि १५२५ त बंड केलेल्या शेतकऱ्यांच्या वेढ्यालाही जो दाद देईना, तोच गड पुढें एका आर्चबिशपाचा तुरुंग झाला. तेथें उभें राहून आमची पत्नी म्हणाली, "त्यानें व्रत मोडलें असेल, पण तिला तर टाकलें नाहीं! प्रतिष्ठा राखण्यासाठीं बाईला लपवून ठेवणारे पुरुष थोडे का असतात?" हें बोलणें यथार्थ आहे. ज्यानें तिला चारचौघांत मान दिला त्याच्या निष्ठेस कमी लेखण्याचा अधिकार कोणास आहे, असें आम्हांसही वाटतें.

परंतु याच मनुष्यानें गादीवर आल्यावर दुसऱ्याच वर्षीं, १५८८ त, शहरांतील प्रॉटेस्टंट रहिवाशांस फर्मान काढलें होतें: कॅथॉलिक व्हा, नाहीं तर शहर सोडा. कित्येक कुटुंबें घरदार टाकून निघून गेलीं. हें कळल्यावर 'करावें तसें भरावें' ही म्हण कोणाच्याही ओठांवर येईल. ज्यानें दुसऱ्यांचीं घरें मोडलीं त्याचें घर मोडलें. हिशेब पुरा झाला!

या म्हणीस पत्नीनें जें उत्तर दिलें तें आम्हांस बिनतोड वाटतें. ती म्हणाली, "अहो, पण भरलें कोणीं? सालोमेनें कोणाला घराबाहेर काढलें होतें? त्या मुलांनीं काढलें होतें का?" यास आमची एक पुस्ती आहे. वोल्फ डीट्रिखला जो दंड झाला तो त्या फर्मानाबद्दल झालाच नाहीं. तो झाला मिठाबद्दल. हांकलून दिलेल्यांचा कैवार घेऊन कोणी त्याच्यावर चालून आलें नव्हतें. आणि या दंडानें त्या गादीवरील पुढच्या धन्यांस शहाणपणही आलें नाहीं. १७३१ सालीं आर्चबिशप फिर्मिआन यानें तसेंच फर्मान पुन्हां काढलें. ज्यांच्यापाशीं जमीनजुमला नव्हता त्यांना आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि सुमारें वीस हजार माणसें देशोधडीस लागलीं. तेव्हां दैवानें न्याय केला असें म्हणून जो समाधान मानतो, त्याला न्याय नको असतो. त्याला गोष्टीचा शेवट गोड हवा असतो.

मग उरतें तें एवढेंच, कीं निष्ठा आणि निष्ठुरता एकाच अंतःकरणांत, एकमेकींस यत्किंचितही धक्का न लावतां राहूं शकतात. त्या फर्मानाच्या वेळीं त्याचा संसार नुकताच कोठें सुरू होत असेल, आणि पुढें त्याचें मन निवळलें असेल, असें मानलें तरी त्या संसारसुखानें गेलेल्यांचीं घरें पुन्हां उभीं केलीं नाहींत. यांत आश्चर्य तरी कसलें? सहलीस निघालेल्या जोडप्याकडे पाहावें. त्या दिवसापुरतें त्यांना साऱ्या जगांत दोनच माणसें दिसतात. सालोमेच्या कथेनें त्यांचे डोळे चटकन ओले होतात, कारण ती कथा त्यांना स्वतःची वाटते. १५८८ त गाडीवर भांडींकुंडीं लादून गेलेल्या बायकांची कथा त्यांना परकी वाटते. प्रेम दृष्टि देतें खरें. पण ती आपल्या अंगणापुरती.

कोणी विचारील, मग प्रेमाची नैतिक किंमत ती काय? आमच्या मतें प्रेमानें अंगीं पुण्य येत नाहीं, जबाबदारी मात्र येते. घर म्हणजे काय हें ज्यानें कधीं अनुभविलेंच नाहीं तो अज्ञानाची सबब सांगूं शकेल. ज्यानें अनुभविलें आहे त्याला ती सबब उरत नाहीं. दुसऱ्याचें घर मोडणें म्हणजे काय मोडणें, हें त्यालाच सर्वांत चांगलें ठाऊक असतें.

तरीही केवळ या जाणिवेवर भिस्त ठेवतां येत नाहीं. मिराबेलच्या बागेचें दार सर्व लोकांस खुलें झालें तें प्रेमानें नव्हे. १८५४ सालीं सम्राट फ्रान्झ योझेफ याच्या हुकुमानें तें उघडलें. परक्याच्या मुलावर आपल्या मुलाइतकीच माया करा, हा उपदेश संतांनीं करावा आणि संतांनींच पाळावा. सामान्य मनुष्याच्या हातून तें होत नाहीं, आणि होत नाहीं म्हणून त्याला दोष देण्यांतही अर्थ नाहीं. परंतु परक्याचें घर त्याचें त्याला राहूं द्या, एवढें त्याच्यापाशीं मागतां येतें, आणि तो न ऐकल्यास कायद्यानें त्याला ऐकावयास लावतां येतें. मायेला कुंपण असणारच; त्या कुंपणाबाहेरच्या माणसाला आधार असतो तो न्यायाचा, आणि म्हणून तो राजाच्या मर्जीवर सोंपवून भागत नाहीं.