श्वासाआधी अर्थ?

आवाज कमावण्याच्या शिक्षणात श्वासाला आधार द्यावा, खांदे उचलू नयेत, गळा मोकळा ठेवावा एवढे सांगून काम भागते. बोलणे मुळात श्वासाच्या सत्तेत आहे की अर्थाच्या, हा प्रश्न तेथे सहसा उद्भवत नाही. उपनिषदांना तो महत्त्वाचा वाटला. कौषीतकी उपनिषदात प्रतर्दनाच्या नावाने ‘आंतर अग्निहोत्र’, म्हणजे बाह्य अग्नीवाचून देहातच अखंड चालणारे हवन, सांगितले आहे: माणूस बोलत असतो तोवर त्याला श्वास घेता येत नाही, म्हणून तो प्राणाची वाणीत आहुती देतो, आणि श्वास घेत असतो तोवर बोलता येत नाही, म्हणून वाणीची प्राणात. छांदोग्य उपनिषद याहून धीट आहे. त्याच्या मते वाणी म्हणजे व्यान, अर्थात प्राण व अपान यांचा सांधा असलेला वायू. आणि अग्निमंथन किंवा बळकट धनुष्य वाकवणे या कष्टाच्या कामांप्रमाणेच बोलणेही श्वास न घेता व न सोडता घडते.

शब्दशः पाहता हे खरे नाही, कारण जोर लावताना स्वरतंतू घट्ट मिटतात, तर बोलताना फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवाच त्यांना कंपित करते. तरीही त्या निरीक्षणात तथ्य आहे. खोल श्वास घेतल्यावर छाती स्वतःच्या लवचीकपणामुळेच हवा बाहेर ढकलू पाहते; अशा वेळी वाक्याच्या आरंभी, श्वास आत घेणारे बरगड्यांमधील स्नायू एकदम सैल न पडता तो वेग आवरून धरतात, आणि वाक्य लांबत गेले की पोटाचे स्नायू मागून बळ पुरवू लागतात. ज्याला श्वासाचा आधार म्हणतात तो आरंभी तरी जोर नसून संयमच असतो.

‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरील ग्रंथाने मात्र क्रमच वेगळा लावला आहे: आत्मा बुद्धीच्या साहाय्याने अर्थ जुळवतो, मनाला बोलण्याच्या इच्छेने प्रवृत्त करतो, मन देहाग्नीला चेतवते, अग्नी वायूला हलवतो, आणि तो वायू छातीत मंद्र स्वर उत्पन्न करतो. देहाग्नीची कल्पना आज टिकणार नाही. पण दीर्घ वाक्य बोलायचे असता माणूस नकळत अधिक खोल श्वास घेतो, हे अलीकडचे निरीक्षण अर्थाच्या अग्रक्रमाला पुष्टी देते. अधम पाठकांची गणना करताना याच ग्रंथाने अर्थ न जाणणारा आणि ‘अल्पकंठ’, म्हणजे क्षीण आवाजाचा, यांना शेजारी बसवले आहे, हेही सूचक आहे.

यावर गंभीर आक्षेप वेदपाठकांचाच आहे, कारण अर्थ न कळताही पिढ्यान्‌पिढ्या निर्दोष पठण करणारे पुष्कळ झाले. परंतु पदपाठात त्यांनी कोठे थांबावे हे शाकल्याने ऋग्वेदाची पदे वेगळी करताना आधीच ठरवले होते, आणि ते ठरवणे अर्थाच्या जाणिवेवाचून शक्य नव्हते. तेव्हा पाठकाचा श्वास अर्थापासून सुटलेला नव्हता, फक्त तो अर्थ दुसऱ्याने जाणलेला होता.